जास्तीची दोन डिंग

कुई ओतारी म्हणायचा, कासं खोटं बोलत नाही. साच्यात बोटाचा ठसा राहिला तर तोही उमटतो. माणसांबद्दल असं काही तो कधी म्हणाला नाही.

त्या छोट्या राज्याच्या धन्याला पूर्वजांच्या पूजेत सात डिंग मांडायचा हक्क होता. मांस शिजवायची ही तीनपायी जड भांडी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडायची. नऊ मांडायची ती फक्त सगळ्या राज्यांवरच्या झोउ राजानं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण म्हातारा धनी वारला आणि नव्या धन्यानं कारभारी पेइला ओतशाळेत धाडलं.

"आणखी दोन ओत. सगळ्यांत मोठी."

साच्यावर राक्षसाचे डोळे कोरणारा कुईचा हात थांबला. "कारभारी, छाटायला मान एकच आहे मला."

"पोरगीही एकच आहे. ओतलीस तर तिला घरी धाडू."

कुईची लेक रुआन सात वर्षं धन्याच्या वाड्यात विणकामाच्या मागावर राबत होती. कुईनं साचे भाजले. तडकले, तेव्हा माती पुन्हा मळली. दोन महिन्यांत नऊ डिंग देवळात उभी राहिली. रुआन अजून मागावरच होती.

शरदाच्या पूजेला राजाचा दूत न कळवताच आला. त्यानं वाफाळती भांडी मोजली. "नऊ?"

धनी हसला. "ओतारी मठ्ठ आहे. मोजता येत नाही मेल्याला."

पेइ कुईच्या कानाशी वाकला. "हो म्हण. पोरीला मी सोडवतो."

कुईनं कपाळ जमिनीला टेकवलं. "चूक झाली, महाराज. सात सांगितली, मी नऊ ओतली."

दूतानं दोन्ही मोठी डिंग राजासाठी गाडीत चढवली आणि धन्याचा गुन्हा तिथंच मिटला. कुईची दोन्ही पावलं तोडली.

पावलं तोडलेल्याला वेशीवर राखणदार म्हणून बसवायची रीत होती. पळून जायची भीती नाही. पेइ दिसला की कुई विचारायचा, "कारभारी, पोरगी?"

"थंडी सरू दे."

थंडी सरली. "राळ्याची कापणी होऊ दे." कापणीही झाली.

पुढच्या वसंतात धन्याच्या बहिणीचं दूरच्या राज्यात लग्न ठरलं. वेशीत पेइ बांबूच्या पट्टीवरून आंदण वाचत होता, "डिंग पाच, सुरया चार, विणकरणी आठ."

चौथी विणकरीण थबकली. "बा! ऊठ की. दोन पावलं तरी चल माझ्यासंगं."

कुईनं मांडीवरचं घोंगडं घट्ट धरलं. "गुडघे धरलेत गं. तू हो पुढं."

"चला, खोळंबा नको!" पेइ ओरडला. मग कुईकडे वळून म्हणाला, "बघ, सोडवली की नाही मागावरून? आता लाव दार."

शेवटची गाडी गेली. कुई ढोपरांवर सरपटत गेला, एक फळी लोटली, मग दुसरी, आणि अडसर सरकवला.