हळद्याची नोंद

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथले चार जण माझ्या दारात भांडायला उभे राहतील. मुखेड आणि लोह्याच्या मधलं एखादं गाव धरा, जिथं नगरपालिका आली, पण नळाला पाणी अजून आठवड्यातून एकदाच येतं.

या नगरपालिकेत रामलिंगअप्पांच्या टेबलावर तीन रजिस्टरं होती. जन्म, मृत्यू आणि कुत्री. पहिल्या दोन रजिस्टरांसाठी लोक ताटकळत उभे राहायचे. तिसऱ्याला काळं कुत्रंही विचारत नव्हतं.

नियम साधा होता. घरी कुत्रं पाळायचं तर पालिकेचा परवाना घ्यायचा, दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यायची आणि नंबर कोरलेला पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात बांधायचा. भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास झाला तर मालकाला नोटीस. कुत्रं मेलं तर पंधरा दिवसांत कळवून नाव कमी करायचं. आणि दर वैशाखात आरोग्य विभागाच्या माणसानं, म्हणजे अप्पांनी, घरोघर जाऊन प्रत्येक कुत्रं पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं, 'श्वान प्रत्यक्ष पाहिले. प्रकृती उत्तम.'

वैशाखातलं आपल्याकडचं ऊन ज्यानं सोसलंय, त्याला अप्पांचा फार राग येणार नाही. ते बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पंख्याखाली बसायचे, मागच्या वर्षीचं पान उघडायचे आणि पुढच्या पानावर उतरवून काढायचे. चहा निवेपर्यंत शंभर कुत्र्यांची प्रकृती उत्तम झालेली असायची. माणूस वाईट नव्हता. कुणाचा पै-पैसा खाल्ला नाही, कुणाला हेलपाटे मारायला लावले नाहीत. फक्त कुत्री बघितली नाहीत, आणि त्यात पाप आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

यंदा मुख्याधिकारी नवे आले. त्यांच्या टेबलावर वर्षाराणी नावाच्या शिक्षिकेचा अर्ज आला. शेजारच्या चांगुणाबाईंचं कुत्रं रोज भर दुपारी भुंकतं, सुट्टीतसुद्धा डोळा लागू देत नाही. साहेबांनी रजिस्टर मागवलं. चांगुणाबाई, कुत्र्याचं नाव हळद्या, बिल्ला नंबर एक्केचाळीस, प्रकृती उत्तम. साहेब म्हणाले, "अप्पा, उद्या स्वतः जा आणि पाहून या."

म्हणून रामलिंगअप्पा नोकरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा कुत्रं बघायला निघाले.

दुपारचे साडेबारा झाले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं लावलेली, कुलरचा आवाजसुद्धा नाही, कारण लाइट गेलेली. अप्पा डोक्यावर रुमाल टाकून चालले होते आणि मागून, एकदाही न गुरगुरता, काहीतरी त्यांच्या पोटरीला लागलं. ते वळले. हळदीसारखं पिवळं कुत्रं होतं, एक कान पांढरा. चावून ते पळालं नाही. दोन हातांच्या अंतरावर उभं राहून अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिलं, एखादा माणूस ओळख पटते का ते बघतो तसं. गळ्यातला बिल्ला उन्हात चमकला. एक्केचाळीस.

अप्पांनी खाली पाहिलं. चार दातांच्या खुणांतून रक्त येत होतं. परत मान वर केली तेव्हा गल्ली रिकामी होती. गल्ली सरळ, शंभर पावलांची, लपायला एक बोळ नाही. फुफाट्यात त्यांच्या स्वतःच्या चपलांचे ठसे तेवढे उमटले होते.

अप्पांच्या अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त राग आला. लंगडत ते चांगुणाबाईंच्या दारात गेले आणि कडी वाजवली.

"मावशी, कुत्रं बांधून ठिवता येत न्हाई का? बघा काय केलं!"

सत्तरीची बाई. तिनं आधी पाय पाहिला, मग साबण आणला आणि तांब्यानं धार धरून जखम धुवायला लावली. चांगली धुऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "अप्पा, हळद्याला मरून तीन वर्सं झाली. तुमाला खबर केलती की मी."

अप्पांना तेव्हा आठवलं. अशीच दुपार होती. ही बाई पदरात बिल्ला बांधून टेबलासमोर उभी होती. कुत्र्याचं नाव कमी करायचं म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, पंचनामा, साहेबांची सही. आणि साहेब नांदेडला मीटिंगला गेलेले. अप्पा म्हणाले होते, "राहू द्या मावशी, काय बिघडतंय. बिल्ला ठिवा घरी, दुसरं कुत्रं घेतलं तर कामाला येईल." ती म्हणाली होती, "पर मेलंय न्हवं ते." आणि अप्पांनी पंख्याकडे बघत म्हटलं होतं, "कागदावर असू द्या की जित्तं, त्याला काय खायाला लागतंय."

देवघराशेजारच्या खुंटीवरून चांगुणाबाईंनी बिल्ला काढून अप्पांच्या हातात दिला. तो गरम होता. वैशाखात पितळ गरमच असतं म्हणा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं, जखमेभोवतीही औषध टोचलं, पुढच्या तारखा लिहून दिल्या. "कुत्रं पाळीव होतं का? बिल्ला होता?"

"होता," अप्पा म्हणाले.

"मग एक काम करा. इंजेक्शनं पुरी घ्याच, त्यात कुचराई नको. पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस ते धड राहिलं तर तुमच्या जिवाला घोर नाही. मेलं तर लगेच मला सांगा."

अप्पा बाहेर येऊन पायरीवर बसले. ज्या कुत्र्याला मरून तीन वर्षं झाली, ते दहा दिवस जगतंय का, हे बघायचं होतं. आणि ते जिवंत असल्याचा पुरावा साऱ्या गावात एकच होता, त्यांच्याच अक्षरातला.

लहानपणी मुखेडला चुलत्याच्या शेतावरचा एक सालगडी पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. पाण्याचा गडू समोर धरला की तो किंचाळायचा. ते अप्पा कधी विसरले नव्हते. आता रोज सकाळी ते पाण्याचा पेला हातात घेऊन बसायचे आणि प्यायच्या आधी पाण्याकडे टक लावून बघायचे. बायको सिंधु एकदा म्हणाली, "असं काय बघून राहिलात पान्यात? मासा हाय का?" अप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भर बाराला ते चांगुणाबाईंकडे जाऊ लागले. तिचं घर खंडोबाचं. हळद्याला तिच्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, स्वतः मरायच्या आदल्या साली माळेगावच्या जत्रेतून छातीशी धरून आणलं होतं. खंडोबाच्या घरात कुत्र्याचा घास काढल्याशिवाय माणूस जेवत नाही. चंपाषष्ठीचा रोडगा आणि वांग्याचं भरीतसुद्धा आधी कुत्र्याला. चांगुणाबाईंनी चौदा वर्षं तो घास ओट्यावर ठेवला होता.

"मेल्यावर बंद केला मी," ती म्हणाली. "तेरा दिस कायबी न्हाई. मंग तुमच्याकडून आले, बिल्ला खुंटीला अडकवला, आन् दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर भुंकाय लागलं. त्याचाच आवाज. म्या वळखते की. घास टाकला, गप झालं."

"बघितलं का मावशी तुमी त्याला कधी?"

"न्हाई. तुमाला दिसलं. तुमीच लिवत होता ना दर साली, बघितलं म्हणून."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. म्हणूनच अप्पांना ते जास्त लागलं.

तिनं भाकरी कुस्करून ओट्यावर ठेवली, शेजारच्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भगुल्यात पाणी ओतलं आणि दार लोटून घेतलं. दोघं आत बसले. बाहेर नखांचा आवाज आला, शहाबादी फरशीवर येतो तसा. मग चघळण्याचा. मग लपलप पाणी प्यायल्याचा. अप्पांनी फटीतून पाहिलं. ओट्यावर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. दार उघडलं तेव्हा भाकरीचा कणही उरला नव्हता आणि भगुल्यातलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. दुसरं एखादं मोकाट कुत्रं असेल, असं तुम्ही म्हणाल. अप्पाही तेच म्हणत होते, रोज, घरी जाताना, मोठ्यानं.

पण गंमत बघा. ज्या आवाजानं पहिल्या दिवशी त्यांचे हातपाय गार पडले, त्याचीच ते आता वाट बघू लागले. तिसरा दिवस, भाकरी खाल्ली. पाचवा दिवस, खाल्ली. म्हणजे आहे. म्हणजे आपण जगणार. मेलेल्या कुत्र्याच्या जगण्यावर स्वतःचा जीव टांगून हा माणूस दिवस मोजत होता.

आठव्या दिवशी चांगुणाबाई बांधलेल्या गाठोड्याशेजारी बसली होती. तिचा मुलगा व्यंकट धर्माबादला मिरचीच्या अडतीवर कामाला होता. तिला दिसायचं कमी झालं होतं, एकटीनं चूल पेटवणं धोक्याचं. तीन वर्षं तो "चल" म्हणत होता आणि तीन वर्षं ती नाही म्हणत होती.

"ह्याला उपाशी ठिवून जाऊ कशी?" ती ओट्याकडे बघत म्हणाली. "उद्या येतोय व्यंकट टेम्पो घेऊन. सुनेचे दिवस भरलेत, आता न्हाई म्हनता येईना. म्हनून म्हनते अप्पा, कागदावरून त्याला मोकळं करा. तुमी बांधून ठिवलंय त्याला, म्या न्हाई."

अप्पांनी बोटांवर दिवस मोजले. दहा व्हायला दोन दिवस होते. आज 'मृत' लिहायचं म्हणजे दहा दिवसांच्या आत कुत्रं मेलं असं स्वतःच्या हातानं लिहायचं. डॉक्टरचे शब्द कानात वाजत होते.

बाईनं त्यांचं तोंड पाहिलं. तिला अंधुक दिसायचं, पण एवढं दिसलं. "तुमच्या जिवाला घोर असंल तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "म्या सांगते व्यंकटला, दोन दिस थांब. नातू काय, नंतरबी दिसंल."

अप्पा घरी गेले, जेवले नाहीत. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी तोंड लपवावं अशी. आपल्या एका ओळीच्या आळसापायी ही बाई तीन वर्षं एका ओट्याला बांधली गेली, आणि अजूनही आपल्यासाठी थांबायला तयार आहे.

नवव्या दिवशी बाराला ते तिसरं रजिस्टर काखेत मारून आले. दारात टेम्पो उभा होता, व्यंकट सामान चढवत होता. अप्पा ओट्यावर मांडी घालून बसले. एक्केचाळीस नंबरच्या तीन वर्षांच्या तीन नोंदींवर त्यांनी तीन रेघा मारल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं, 'श्वान पाहिले नाही.' खाली सही. साहेब काय करायचं ते करोत. मग शेवटच्या रकान्यात त्यांनी मरणाची खरी तारीख घातली. चांगुणाबाईला ती पाठ होती. 'मृत' लिहिताना पोटरीतली जखम एकदा ठणकली. बिल्ला त्यांनी रजिस्टरात ठेवला आणि ते मिटलं.

चांगुणाबाईंनी तांब्या पुढे केला. "पानी घ्या अप्पा."

अप्पांनी तांब्या हातात घेतला. आत पाहिलं. घसा आवळून आला होता, आणि क्षणभर त्यांना तो सालगडी दिसला. त्यांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला. पाणी खाली उतरलं. गार, माठातलं. त्यांनी सगळा तांब्या संपवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

डोळे उघडले तेव्हा ओट्यावरची भाकरी तशीच होती. भगुल्यातलं पाणी मात्र हलत होतं, कुणीतरी आत्ताच तोंड काढून घेतल्यासारखं. दोघंही बघत राहिले. वलयं काठाला लागली, बारीक झाली आणि थांबली. बराच वेळ काही भुंकलं नाही.

चांगुणाबाई उठली आणि तिनं भगुलं पालथं घातलं.