भिंतीवरची हिरवी बांगडी

आमचे मालक गवंडी होते. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची सात घरांची वाडी होती. त्यातली पाच घरं त्यांच्या हातची. खाली महाडात किती बांधली ते त्यांनाही आठवत नसे. मला एकच गोष्ट सांगायची आहे, की त्यांची नजर चुकली नव्हती. पण नुसतं एवढंच सांगून कुणाला पटणार नाही, म्हणून आधी माणूस सांगते.

आमच्याकडचे पुरुष मुंबईला जातात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मालकांच्या मामांनी त्यांनाही बोलावून घेतलं, काम लावून दिलं. चार दिवसांत हे दारात परत. मी विचारलं, "काय झालं?" पाय धूत म्हणाले, "तिथं सांज झाली तरी घरी जाता येत नाय." तेवढंच कारण. मग जन्मभर सकाळच्या एसटीनं महाडला उतरले आणि संध्याकाळच्या एसटीनं वर आले. पापण्यांवर सिमेंट बसलेलं असायचं, पोरं त्यावरून बोट फिरवायची. रविवारी ओळंबा काढायचे, तो दोरीला टांगलेला लोखंडी लोळा, भिंत सरळ आहे का बघायचा. पोरांना दाराच्या चौकटीला उभं करून त्यांच्या पाठीमागं ओळंबा सोडायचे. "ताठ उभा ऱ्हा रे. भिंत वाकडी असली तर पाडता येते, तुला कुठं पाडू?" पोरं हसून हसून आणखी वाकडी व्हायची.

कुणाच्या भिंतीला तडा गेला की माणसं त्यांना बोलवायला यायची. हे तड्यावरून बोट फिरवायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "वैनी, एखादी वाढलेली बांगडी असंल तर तुकडा द्या, काचेचा." बायका म्हणायच्या, "भिंतीचं लगीन लावताय काय, भावजी?" तो बोटभर तुकडा हे तड्यावर आडवा ठेवायचे आणि दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका द्यायचे. काच वाकत नाही. भिंत केसभर सरकली तरी तुटते. शाबूत राहिली तर तडा जुना, झोपा निवांत. तुटली तर त्याच दिवशी घराबाहेर. मी एकदा विचारलं, "बांगडीच कशाला? बाटलीची काच नाय चालत?" म्हणाले, "बाटलीकडं कोण बघंल गो? बांगडीवर बाईची नजर जाते."

माझीही गेली.

सिमेंट शेवटी त्यांच्या छातीत बसलं. दम लागायला लागला, काम सुटलं, उशाला औषधाचा फवारा आला. त्या पावसाळ्यात आमच्याच मागच्या भिंतीला तडा गेला, डोंगराकडच्या. माझी एक हिरवी बांगडी उखळाला लागून वाढलेली होती. तिचा तुकडा त्यांनी स्वतः लावला. लावताना दोनदा बसले, दम खाल्ला, पण मला थापी धरू दिली नाही. रोज चहा झाला की भिंतीला धरत धरत मागं जायचे आणि तुकड्यावर नखानं टिचकी मारायचे. टिक असा आवाज यायचा. "शाबूत." मग वाडीतली माणसं अंगणातूनच विचारायची, "काका, बांगडी काय म्हणते?" आजारी माणसाला तेवढंच काम उरलं होतं. खरं सांगायचं तर त्यावरच ते जगत होते.

एका पहाटे त्यांना फार दम लागला. उजाडता उजाडता डोळा लागला. मी तांदूळ काढायला मागच्या खोलीत गेले तर भिंतीवर बांगडीचे दोन तुकडे.

आमच्यात बाईनं बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. नवरा अंथरुणाला लागलेला असताना तर ते बघायचंही नसतं. त्यांनी त्यांच्या हातानं लावलेली माझी बांगडी, आणि तिचे दोन तुकडे. मला भिंत दिसलीच नाही. मला माझं कपाळ दिसलं, मोकळं.

त्याच बांगडीचा उरलेला भाग डब्यात होता. सिमेंटही होतं मूठभर. मी जुने ठिपके खरवडून काढले, चमच्यानं माल कालवला आणि नवा तुकडा लावला. चाळीस वर्षं बघत आले होते, हुबेहूब त्यांच्यासारखाच लागला. तुटलेली बांगडी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या घटकेला आठवलं नाही, की आठवलं आणि मी बाजूला सारलं, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं, की मनात म्हटलं, यांना जरा बरं वाटू दे, मग सांगू.

तो दिवसभर ते अंथरुणातून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबेना. उखळाजवळच्या जमिनीतून गढूळ पाणी वर यायला लागलं. खालून सरकारी माणूस येऊन सांगून गेला, सगळ्यांनी शाळेत उतरा. धाकटे दीर दारात आले. "दादा, काय करायचं? उतरायचं?"

मालक उठले. भिंतीला धरत मागं गेले. मी चुलीपाशी पळी घेऊन उभी. त्यांच्या पाठीपासून माझ्या तोंडापर्यंत किती अंतर होतं म्हणता? चार पावलं. तेवढ्यात मी बोलले असते तर सातही घरं उतरली असती. पण बोलले तर हे विचारणार, का लपवलंस? मी काय सांगणार होते, तुमचं मरण दिसलं म्हणून? आणि त्या छातीनं एवढा उतार, त्या पावसात. मी उभीच राहिले.

टिक.

"शाबूत हाय," मालक म्हणाले. "पाऊस उघडला की बघू."

दिरांनी वाडीभर निरोप दिला. कुणी उतरलं नाही.

दुपारी डोंगर खाली आला. आधी आवाज नाही, नुसती जमीन पायाखालून गेल्यासारखी झाली. मालकांनी माझी मान धरून मला अंगणात फेकलं. ज्या माणसाला भिंतीवाचून चालवत नव्हतं, त्याच्यात ते बळ कुठून आलं कोण जाणे. माणसं सगळी बाहेर पडली. दीर तेवढे म्हशी सोडायला गोठ्यात शिरले आणि वासा त्यांच्या उजव्या हातावर आला. हात कोपराच्या वरून काढावा लागला.

आम्हाला खाली रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडी मिळाल्या. दीर दवाखान्यातून आले ते सरळ आमच्या दारात. मालक खाटेवर बसलेले. दीर म्हणाले, "दादा, तुझ्या बांगडीनं माझा हात खाल्ला." मालकांनी मान खाली घातली ती पुन्हा त्यांच्यासमोर वर केली नाही.

एकदा महाडहून एक मास्तर आले होते. पुराचं पाणी शिरून त्यांच्या घराला तडा गेलेला. गाडी घेऊन आलेले, नुसतं बघून जा म्हणाले. मालक म्हणाले, "दुसरा कुणी बघा. मला कळत नाय."

"काका, आमचं घर तुम्हीच बांधलंय."

"म्हणून तर सांगतो, दुसरा बघा."

मास्तर गेले. हे पत्र्याकडं बघत बसले. मला म्हणाले, "जन्मभर लोकांना सांगत आलो, झोपा निवांत. किती घरं चुकीची सांगितली असतील गो?" त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. दिलेला घास तोंडात तसाच राहायचा.

मग मी सांगितलं. खाटेपाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं, डबा, चमचा, खरवडलेले ठिपके. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून किती रचतेस."

"पोरांची शपथ, आवो."

"पोरांना कशाला मधी आणतेस? मी नख लावून बघितलं होतं. माझ्या हातचा ठिपका मला कळत नाय? तू कधी थापी धरलीस काय?"

मी रडले, भांडले. थोरल्या मुलाला मुंबईहून बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर पुन्हा सांगितलं. मुलगा मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "आई, नको आता. त्यांना त्रास होतो." म्हणजे त्यालाही पटलं नाही. मागची खोली, भिंत, तुकडा, सगळं मातीखाली. दाखवायचं काय?

शेवटी मी सिमेंट मागून आणलं. शेडीच्या पत्र्याखालच्या बुटक्या भिंतीला एक चीर होती. त्यांच्या खाटेवरून हात पोचेल अशा जागी मी बांगडीचा तुकडा लावला, त्यांच्या डोळ्यांदेखत. निदान मला तसं वाटलं. डोळे उघडे होते, पण नजर कुठं होती ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ठिपका वाळला. मी त्यांचा हात धरून त्यावर नेला. "बघा. हा मी लावलाय. बघा माझा हात."

त्यांनी नख लावलं. ठिपक्यावरून बोट फिरवलं, कडेनं, जसं फिरवायचे तसं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हा मी कधी लावला?"

तीन दिवसांनी गेले.

दिवस झाल्यावर मी दिरांच्या शेडीत गेले. ते डाव्या हातानं कोयत्याला धार लावत होते, पायाच्या बोटांत दगड धरून. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोयता थांबला.

"दादाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"नाय पटलं त्यांना."

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. हात मोकळेच होते.

"मला पटलं, वैनी," ते म्हणाले. आणि उठून आत गेले.

आमच्या दोन शेडींमध्ये एकच पत्रा आहे. पलीकडं ते खोकले तरी मला ऐकू येतं. रोज संध्याकाळी ते माझ्या दारावरून जातात, मान वळवत नाहीत. पण परवा महाडच्या त्या मास्तरांनी रस्त्यात त्यांना विचारलं, काकांची नजर खरंच चुकली होती का, तेव्हा मी दारातच होते. दीर म्हणाले, "दादाची नजर बरोबर होती. चूक दुसऱ्याची." कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी इथं लिहिलं.