दोन्ही हात वर

माय फाटकावर उभी होती आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मुकादम म्हणाला, "वर कर न बाई. लुगडं वाळू घालून राह्यली का?"

रांगेतल्या बाया हसल्या. हसावंच लागायचं. पुढचा नंबर त्यांचा होता.

वर्ध्यातल्या त्या कापसाच्या जिनात तशी रीतच होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी बायांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ न्यायचे. गेले तर आत, नाही तर घरी. बाप गेल्यापासून मायनं तिथं आठ हंगाम काढले. खालचा कापूस कवेत उचलायचा, खांद्यावरून सरकी काढणाऱ्या रेच्यात टाकायचा. दिवसभर. सांधा तिथंच गेला. फाटकावर मात्र तो तिचा दोष.

सिंदी मेघेतल्या आमच्या घरात ती हंगामाआधी महिनाभर भिंतीवर हात सरकवून पाहायची. कोळशानं खूण करायची. खूण वर चढत नव्हती. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, शिकलेली. वेणी घालून देत नाही म्हणून मी तिला आळशी म्हटलं होतं.

त्या सकाळी मी सोबत होते. खुर्चीतल्या शेठनं मला न्याहाळलं आणि मुकादमाला सांगितलं, "बुढीचे गेले तर पोरीचे हात घे. नये हैं."

माय पुढं झाली. "तिले नोका घेऊ, शेठ. मी डाव्या हातानं टाकतो."

तिची ती विनवणी मला सगळ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागली. मी म्हटलं, "हिचा हात तुमच्या रेच्यानं खाल्ला. माझा मिळणार नाही."

तिला घेऊन परत फिरले. घरी आल्यावर मायनं विचारलं, "आता खाशीन काय?"

मी शिकवण्या धरल्या. माय लोकांच्या तुरी निवडायची, डाव्या हातानं.

बी.ए. झाले. पहिला अर्ज नोकरीचा केला नाही. जिनातल्या एकेका बाईच्या घरी जाऊन खांद्यांची, मनगटांची, कंबरेची दुखणी लिहून काढली आणि कामगार अधिकाऱ्याकडे नेली. त्यानं पुरावा मागितला. मी बाया नेऊन उभ्या केल्या. तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तो स्वतः जिनात आला आणि त्यानं बायांना सरकारी दवाखान्यात तपासायला पाठवलं.

फाटकावरची ती तपासणी बंद झाली. मायचा हात बरा झाला नाही, होणारही नाही. पण तो कामानं गेला, असं सरकारी डॉक्टरच्या सहीनं कागदावर लिहिलेलं आहे. ते मी कोणाला खोडू देणार नाही.