देल्मीरा आणि फेर्मीनच्या सुऱ्या

अर्जेंटिनातल्या तांदिल गावी, स्टेशनामागे, डांबरी रस्ता संपून खडी सुरू होते तिथे, फेर्मीन ओचोआची पत्र्याची शेड होती. देल्मीरा कासानी तिथे पहिल्यांदा गेली ती दुकानाच्या कामासाठी. गाल्व्हान यांच्या चीज-सॉसेजच्या दुकानात ती गिऱ्हाइकं बघायची. डोंगर पाहायला आलेल्या ब्युनोस आयरेसच्या लोकांना चवीपुरत्या चकत्या कापून द्यायच्या आणि ते "वा वा" करत असताना पुढच्या चकतीला हात घालायचा, हे तिचं काम. हॅम कापायच्या लांब सुरीची मूठ निखळली, तेव्हा मालक म्हणाले, "स्टेशनामागे तो तिरसट लोहार आहे ना, त्याच्याकडून करून आण. फार बोलू नकोस त्याच्याशी."

फेर्मीन भट्टीपाशी होता. त्याने मान वर न करता बोटानेच बाकडं दाखवलं. देल्मीरा बसली. बाकड्याच्या टोकाला बिनमुठीचं एक पातं पडलेलं होतं. तिने ते उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि धरूनच राहिली.

"हात लावू नये दुसऱ्याच्या वस्तूला," तो म्हणाला.

"हे इथून टोकाकडे पातळ होत जातं," ती म्हणाली. "पण पातळ व्हायला कुठे सुरुवात होते ते काही केल्या सापडत नाही."

फेर्मीनने हातोडा खाली ठेवला. हात पुसत जवळ आला, तिच्या खांद्यावरून पात्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"सापडताच कामा नये," तो म्हणाला. "इर्मा! अगं, येर्बाच्या चहाचं आधण ठेव. कुणीतरी आलंय."

देल्मीरा तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि लग्न होऊन मार देल प्लाताला गेलेला भाऊ ओमार, एवढाच तिचा गोतावळा. त्या दिवसानंतर ती रविवारी दुपारी, आईचा डोळा लागला की, शेडवर जायला लागली. फेर्मीन काम करायचा, ती बाकड्यावर बसायची. येर्बाचा कडू चहा भरलेला सुका भोपळा, चोखायच्या नळीसकट, या हातातून त्या हातात फिरायचा. मधेच आतल्या दारातून त्याची बायको इर्मा तळलेल्या पुऱ्यांचं ताट घेऊन यायची आणि म्हणायची, "पोरी, तू तरी याला जेवायला सांग. माझं म्हणणं ऐरणीलासुद्धा ऐकू येतं, याला येत नाही."

फेर्मीन ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद वापरायचा, नाहीतर झिजलेल्या कानशी. मुठीला सांबराचं शिंग किंवा ग्वायाकानचं काळपट लाकूड. चांदीची नक्षी, पात्यावर घोडे आणि फुलं, असलं काही तो करत नसे. सुरी पुरी झाली की कापडाने पुसून तिच्या हातात द्यायचा आणि एकच शब्द बोलायचा, "बोल."

आणि देल्मीरा बोलायची. पातं डोळ्यासमोर आडवं धरायची, टोकापासून मुठीपर्यंत बघत यायची, मग उलटं करायची. "डाव्या अंगाचा उतार उजव्यापेक्षा वर चढलाय." "मुठीच्या पितळेच्या कड्यापाशी कानशीचा ओरखडा राहिलाय." "मूठ छान आहे, पण लहान हाताची आहे. तुमच्या गिऱ्हाइकाचे हात बघितलेत ना?" फेर्मीन कधी हं म्हणायचा, कधी शिवी हासडायचा, पण पातं पुन्हा कानशीखाली जायचं. कधीकधी ती बघत बघत शेवटापर्यंत जायची आणि काहीच बोलायची नाही. तशी सुरी तो विकायला काढत नसे. देल्मीरा पगारातून थोडंथोडं बाजूला काढून ती घ्यायची.

घरी तिने एक कपाट रिकामं केलं. आत हिरवी बनात लावली, प्रत्येक सुरीला तिची जागा करून दिली. आठवड्यातून एकदा सगळ्या बाहेर काढायच्या, हाताचा घाम लागला असेल तर पुसायचा, पातळ तेलाचा हात फिरवायचा. पोलादावर हळूहळू निळसर-करडी झाक चढत जाते ती तिला फार आवडायची. प्रत्येक सुरीची झाक वेगळी. कुणाला दाखवावं असं वाटायचं, पण दाखवायला कुणी नव्हतं. आई गेल्यावर ओमार आला होता, त्याने कपाट उघडून पाहिलं आणि हसला.

"लग्न करायचं सोडून सुऱ्या जमवतेयस. कुणाचा काटा काढायचाय?"

"तुझा नाही. घाबरू नकोस."

"तसं नाही गं. लोक काय म्हणत असतील? बायका ताटल्या जमवतात, बाहुल्या जमवतात."

"ताटल्या कुणी हाताने घडवून दिल्या तर त्याही जमवीन," ती म्हणाली आणि कपाट बंद केलं.

दरवर्षी गावात सुरीवाल्यांची जत्रा भरायची. लांबलांबचे कारागीर मांडव टाकायचे. देल्मीरा एकटीच हिंडायची. एखादं पातं हातात घेतलं की मागचा माणूस हमखास विचारायचा, "नवऱ्यासाठी बघताय का बाई?"

"माझ्यासाठी."

"मग स्वयंपाकघरातल्या सुऱ्या त्या पलीकडच्या मांडवात आहेत."

ती पातं खाली ठेवून पुढे जायची. जत्रेत पुरुष टोळक्याने उभे राहून सुऱ्यांबद्दल तासन्‌तास बोलायचे, त्यात तिला कुणी घेतलं नाही. तिनेही कधी मधे तोंड घातलं नाही. बोलायचं ते रविवारी, शेडमध्ये.

इर्मा वारली, तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली. आता देल्मीरा बाकड्यावरून उठून स्वयंपाकघरात जाईल, असं लोकांना वाटलं. देल्मीरा बाकड्यावरच बसत राहिली. पुऱ्यांच्या जागी ती बेकरीतून काहीतरी घेऊन यायला लागली, एवढाच फरक. फेर्मीनच्या मनात काही होतं का, तिला कधी कळलं नाही. स्वतःच्या मनात काय आहे हेही तिने कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. तो तिला पोरी म्हणायचा, ती त्याला वस्ताद म्हणायची. पोरीचे केस पांढरे झाले तरी ते बदललं नाही.

मग वस्तादाचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा भोपळ्यातलं पाणी हिंदकळताना तिच्या लक्षात आलं. त्याने भोपळा डाव्या हातात घेतला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. कामं कमी झाली. एका सुरीचं काम त्याने हिवाळाभर चालवलं. शेवटी ती कापडाने पुसून तिच्या हातात दिली.

"बोल."

देल्मीराने पातं डोळ्यासमोर धरलं. दोन्ही अंगांचे उतार एकमेकांशी जुळत नव्हते. टोक केसभर डावीकडे कललं होतं. शिंग आणि कडं यांच्यामध्ये फट राहिली होती आणि ती डिंकात लाकडाचा भुसा मिसळून बुजवली होती. आजवर फेर्मीनने असं बुजवलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने सुरी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. समोर तो उजवा हात काखेत दाबून उभा होता.

"छान झालीये," ती म्हणाली.

"आणखी?"

"हातात बसते. वजन बरोबर आहे."

त्याने डावा हात पुढे केला. सुरी तिच्याकडून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि परत तिच्या हातात दिली. "घेऊन जा."

"किती द्यायचे?"

"काही नको."

सुरी फुकट द्यायची नसते, दिली की नातं तुटतं, म्हणून सख्ख्या भावाकडूनसुद्धा एक नाणं तरी घ्यायचं, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. फेर्मीनने तर मेव्हण्याला लग्नात सुरी दिली तेव्हाही नाणं वाजवून घेतलं होतं. देल्मीराने पाकिटातून एक नाणं काढून ऐरणीवर ठेवलं. त्याने ते उचललं आणि तिच्या पिशवीत टाकलं.

पुढच्या रविवारी फाटकाला साखळी होती. "आज काम नाही," तो आतूनच म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ती बेकरीचा पुडा फाटकाला अडकवून यायची. पुढच्या खेपेला जुना पुडा तसाच असायचा, मुंग्या लागलेला.

एका रविवारी ती फाटकापासून हललीच नाही. वारा डोंगरावरून सरळ अंगावर येत होता. शेवटी तो बाहेर आला आणि साखळीच्या आतल्या बाजूला उभा राहिला.

"रागावलात माझ्यावर?"

"नाही."

"मग?"

"सगळं गाव मला छान म्हणतं," तो म्हणाला. "दुकानवाला छान म्हणतो, मुलगी फोनवर न बघता छान म्हणते. त्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही. तू छान म्हणालीस तेव्हा मला कळलं की माझं संपलं."

देल्मीराने साखळी धरली. आणि तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. उतार, टोक, फट, भुसा. मधे कुठे ती थांबली नाही. तो मान खाली घालून ऐकत होता, जणू हिशेब जुळतोय की नाही ते बघत होता.

"हं," तो म्हणाला. "बरोबर आहे सगळं. तेव्हाच सांगितलं असतंस, तर पुन्हा करायला घेतलं असतं."

"अजून घ्या ना. मी बसते इथे. हात हलला तर हलू दे."

"थंडी फार आहे, पोरी. घरी जा."

साखळी काही त्याने काढली नाही.

वसंतात एका गिऱ्हाइकाच्या तोंडून तिला कळलं की ओचोआने अवजारं विकली, मुलगी येऊन त्याला बाहिया ब्लांकाला घेऊन गेली. त्या वेळी ती चीज तोलत होती. संध्याकाळी शेडवर गेली. फाटक सताड उघडं होतं. ऐरण नव्हती, फक्त ती ज्या ओंडक्यावर असायची तो ओंडका होता. बाकडंही कुणीतरी नेलं होतं. ती थोडा वेळ उभी राहिली, पण बसायला जागा नसल्यावर तिथे फार वेळ थांबता येईना.

वर्षभर तिने जाऊ की नको केलं. मग एका सुट्टीला, कपाटातली तिची सगळ्यात आवडती सुरी पिशवीत घालून, सकाळच्या बसने निघाली. दुपारी पोचली. नोएमी, म्हणजे फेर्मीनची मुलगी, चौथ्या मजल्यावर राहायची. तिने दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "डोळ्यांनी फारसं दिसत नाही त्यांना आता. टीव्ही नुसता ऐकतात."

फेर्मीन खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर शाल होती. "कोण?"

"मी, वस्ताद."

"बस," तो म्हणाला. जणू मधे वर्ष गेलंच नव्हतं.

तिने सुरी म्यानातून काढून त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने मूठ चाचपली, मग अंगठा पात्याच्या पाठीवरून हळूहळू सरकवत नेला. एका जागी थांबला. मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"पाठ इथे जाड राहिलीये."

"शक्यच नाही," देल्मीरा म्हणाली. ही सुरी ती वर्षानुवर्षं पुसत आली होती. तिने त्याच्या हातातून ती घेतली, उजेडात धरली. काही दिसेना. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. होता. अगदी बारीक उंचवटा, पण होता.

"मला कधी दिसला नाही."

"दिसत नाही तो. लागतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिली तेव्हाच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने तोंड टीव्हीकडे वळवलं. तिथे कुणीतरी हवामान सांगत होतं. "आईचं नुकतंच झालं होतं तुझ्या," तो म्हणाला. "आणि ती हातात घेऊन तू इतकी खूश झालीस. म्हटलं, राहू दे."

देल्मीराने सुरी म्यानात घातली. दोघं काही वेळ हवामान ऐकत बसले. नोएमीने भोपळा भरून आणला, आणि तो देल्मीराने त्याच्या डाव्या हातात दिला.

निघताना नोएमी जिन्यापर्यंत आली. "महिनाभरात बोलले नसतील एवढं आज बोलले. येत जा ना."

"येईन," देल्मीरा म्हणाली. ती गेलीही, आणखी दोनदा. दुसऱ्या खेपेला फेर्मीनने तिला टीव्ही दुरुस्त करायला आलेली बाई समजून आवाजाची तक्रार केली. तिने आवाज कमी करून दिला. त्यानंतर तिच्याने जाववलं नाही.

पुढच्या शरदात दुकानात नोएमीचा फोन आला. मालकांनी घेतला आणि मग फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले. देल्मीरा एका कुटुंबासाठी चीज कापत होती. तिला कळलं. तिने तुकडा तोलला, कागदात बांधला, सुटे परत दिले, "सावकाश जा, घाट निसरडा आहे" असंही सांगितलं. मग मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसली.

"घरी जा आज," गाल्व्हान म्हणाले. "लांबचं कुणी नातेवाईक होतं का तुझं?"

तिने एप्रनची गाठ सोडली. "सुरीवाले," ती म्हणाली.

बुधवारचा रिकामा दिवस कसा घालवायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. दफन बाहिया ब्लांकात, आज संध्याकाळीच. पोचणं शक्य नव्हतं. घरी जाऊन तिने कोट न काढताच पाणी उकळायला ठेवलं, आणि उकळायच्या आत बंद केलं. मग चालत निघाली, जुन्या खाणीपर्यंत. तिथे पूर्वी दगड फोडायचे. आता तळाशी पाणी साचलंय आणि बदकं येतात. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तिने हात केला, देल्मीराने केला. फेर्मीन गेला हे त्या बाईला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण फेर्मीन कोण इथपासून सुरुवात करावी लागली असती.

चार वाजायच्या सुमाराला ती दुकानात परत आली. गाल्व्हान एकटेच होते आणि दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"अगं, तुला सुट्टी दिली होती ना?"

"हो," देल्मीरा म्हणाली. हात धुतले, एप्रन बांधला. "कोण आहे पुढे?"