फुवांचा लिंबाचा गूळ

सासरी मळ्यात गुऱ्हाळ पेटलं की आमच्या नातेवाइकांना एकदम प्रकाशा गावच्या देवाची ओढ लागायची. देव बारा महिने तापीकाठी तिथेच असायचा, पण उसाचा रस उकळायला लागल्याशिवाय दर्शनाची तळमळ काही कुणाला होत नसे. मग मंडळी घाईघाईनं देवाला हात जोडत आणि तिथून आमच्याकडे येऊन सवडीनं राहत.

त्यांत पहिला मान फुवांचा. फुवा म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचे यजमान, धुळ्याला कचेरीत कारकून. साहेब गोरा, टोपी काळी आणि मराठी अगदी छापील. आम्ही अहिराणीत बोललो की दाढ दुखल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. त्यातून ते घरचे जावई, म्हणजे त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची सोय नाही.

मी त्या घरात नवी सून होते. गुऱ्हाळ मला माहीत होतं ते पाहुण्यांच्या कपड्यांना येणाऱ्या वासावरून. घरच्या बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, असा नियम होता. रस आटवायला जो गुळव्या दरसाल यायचा, त्यानं सांगून ठेवलं होतं की बाईची सावली रसाच्या काहिलीवर पडली तर गूळ बसत नाही. डोंगरातून मजुरीला आलेल्या बाया मात्र दिवसभर त्याच काहिलीशेजारी चिपाडं वाळत घालायच्या. त्यांना बहुधा सावली नसावी.

सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी भाकऱ्या थापायचो, वांगी भाजायचो, ठेचा कुटायचो. पाहुणे जेवून मळ्यात जात, रस पीत, काकवी चाटत आणि ‘मोकळ्या हवेनं भूक काय लागते हो!’ म्हणत परत येत.

त्या वर्षी फुवांच्या डोक्यात पांढरी साखर शिरली होती. साहेबाच्या चहात पडते तशी. आमचा गूळ काळपट का, यावर त्यांनी मळ्यात बसून पुष्कळ विचार केला, असं माझ्या नवऱ्यानंच मला सांगितलं. गुळव्या नेहमीसारखा भेंडीचं पाणी घालून रसाची मळी काढत होता. फुवा त्याला म्हणाले, “लिंबानं पितळ उजळतं, मग गुळानंच काय पाप केलंय?” आणि बांधावरच्या झाडाची टोपलीभर लिंबं त्यांनी स्वतःच्या हातानं काहिलीत पिळली. गुळव्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं.

गूळ बसला नाही. गार करायच्या वाफ्यात ओतला तसा मलमासारखा पसरून राहिला.

तिन्हीसांजेला पुरुषमंडळी घरी आली आणि ओट्यावर खल सुरू झाला. फुवा आणि गुळव्या यांचं आठ दिवसांत कशावरही एकमत झालं नव्हतं, ते त्या संध्याकाळी झालं. गुळव्या म्हणाला, “बाईमाणसाची सावली पडनी शे.” फुवा म्हणाले, “शक्य आहे. या गोष्टींत काहीतरी तथ्य असतं.” सासरे हळूच म्हणाले, “दिवसभर तर बाया घरमाच व्हत्या.” त्यावर गुळव्यानं मान हलवली, की सावली कुठून कशी पडेल याचा नेम नसतो.

आत सासूबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. भाकरी फुगली, ती उतरवून टोपल्यात ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाराच्या आडून, कुणाचंच नाव न घेता, मोठ्यानं म्हणाल्या, “मन्ही सावली घरमा बशीसन मळ्यामा जास का? मंग आते मीच जास. सकायले चूल पेटनार नही.”

फुई, म्हणजे फुवांची बायको, माझ्याशेजारी लसूण सोलत होती. ती पदर तोंडात कोंबून हसत सुटली. “यासनं धुयाले बी आसंच चालस,” ती मला म्हणाली, म्हणजे धुळ्याच्या घरीही यांचं हेच.

सकाळी खरंच चूल पेटली नाही. आम्ही चौघी चांगली लुगडी नेसून मळ्यात गेलो. गुळव्या हात जोडून उभा राहिला, पण सासूबाई सरळ काहिलीला टेकतील इतक्या जवळ जाऊन बसल्या. आम्ही आलं घातलेला रस प्यायलो. रताळी फडक्यात बांधून उकळत्या रसात सोडली आणि बोटं भाजून घेत खाल्ली. मोठ्या जाऊबाई इतक्या मोठ्यानं हसतात, हे मला तिथं कळलं. इकडे घरी पुरुषांनी शिळ्या भाकरी आणि कांद्यावर दिवस काढला. गूळ छान बसला, चांगला कडक, पिवळाधमक. गुळव्यानं सांगितलं की पहाटे त्यानं नारळ फोडला होता म्हणून.

बिघडलेला गूळ सासूबाईंनी मडक्यांत भरून फुवांच्या गाडीत ठेवायला लावला. जावयाच्या हातचा गूळ दुसऱ्या कुणी खाणं बरं दिसत नाही, म्हणाल्या. फुवांनी तो कचेरीत औषधी म्हणून वाटला. आणि पुढच्या साली ते कचेरीतल्या दोन मित्रांना घेऊन आले, आपली पद्धत दाखवायला. त्याआधी सासऱ्यांनी लिंबाचं झाड पार बोडकं करून ठेवलं होतं.

आमचं मळ्यात जाणं त्या वर्षापासून जे सुरू झालं ते सुटलं नाही. सावलीचं नावही कुणी काढेना. फक्त ‘जाताच आहात तर’ म्हणून पाहुण्यांच्या भाकरीची टोपली आमच्या डोक्यावर आली आणि पाहुणे दुपारी जेवायला घरी यायचेही थांबले.