ताजियाच्या वाटेवरची तार

माझा दोस्त गुलाबराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावरचा साबण तसाच वाळला... महिना झाला, तरी मला त्याचा रागच येतो. हा माणूस कोणतंही काम मला न विचारता करायचा. जाणंही तसंच उरकलं.

इंझोरीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. आधी घासलेटची एजन्सी चालवली, मग गावात इंजिन बसवून वीज आणली आणि त्या जोरावर निवडून येऊन नागपूरच्या कौन्सिलात बसला. "कंदील माळ्यावर टाका!" असं प्रचारात सांगत फिरायचा. मी म्हणायचो, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

वीज आली त्या वर्षी मोहरमच्या सांजेला ताजियाची, म्हणजे उंच ताबुताची, मिरवणूक बाजाराच्या तोंडाशी थबकली. नवी तार ताजियाच्या टोकाहून हातभर खाली होती. दरवर्षी त्याच कोपऱ्यावर सरबत वाटणाऱ्या गुलाबरावाला खांब रोवताना ताजिया आठवलाच नव्हता! तार उचलायची तर इंजिन बंद करायचं, म्हणजे सगळा बाजार अंधारात. अन् तिथं तर दोन्हीकडे लाठ्या दिसू लागल्या होत्या. अंधारात एक दगड पुरला असता...

"ताजिया झुकनार नाही, दादा," ताजिया बांधणारे इस्माईलभाई म्हणाले. मागून बाजारातलं कुणी ओरडलं, "मंग आमचा उजेड कायले घालवता?"

गुलाबराव पांढराफटक पडला होता. तो सरबताच्या टेबलावर चढला. "चूक माही हाय. मले मारा, पन आधी घरातले कंदील बाहेर काढा!" कुणी हललं नाही. शेवटी त्याची बायको, यमुनावहिनी, पेटता कंदील घेऊन ओट्यावर आली. मग समोरच्या घरातून एक आला, मशिदीकडून दोन... सगळा रस्ता उजळल्यावर त्यानं इंजिन थांबवायला सांगितलं. बांबूनं तार उचलली आणि ताजिया खालून गेला. घरी आल्यावर गुलाबराव "आज माह्या हातानं गाव पेटलं असतं रे," एवढंच म्हणाला. त्या कोपऱ्यावर त्यानं लगेच उंच खांब लावले.

परवा तिथं नवा वायरमन शिडी लावून उभा दिसला. "काका, हे दोनच खांब उंच काहून हायेत? कापून सारखे करतो." "हात लावशीन तं याद राख!" मी ओरडलो... आणि भर रस्त्यात, महिन्याभरात पहिल्यांदा, मला रडू फुटलं.