तारांची चाकं
नव्या टायरचा वास आला की मला मिरजेतलं जुन्या मोटारींच्या सामानाचं दुकान आठवतं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ह्यांनी मायदेशी निघालेल्या एका साहेबाची दोनच माणसांची लाल स्पोर्ट्स कार हौसेनं घेतली आणि पसरणीच्या घाटात तिची चाकं वाकवून ठेवली. "चाकं मिळाली नाहीत तर गाडी विकायची," असं सासूबाईंनी बजावलं आणि खात्री करायला त्या साताऱ्याहून आमच्याबरोबर आल्या. ग्रीसच्या दर्पात दुकानदारानं दोन प्रकार पुढे ठेवले. लष्करी गाडीची पत्र्याची चाकं थोपटत तो म्हणाला, "ही न्या, लय मजबूत हायती." ह्यांनी मान डोलावली. सासूबाई मात्र तारांच्या चकचकीत चाकापाशी थबकल्या, बोटानं ते गरकन फिरवलं आणि चक्क हसल्या. "हीच घे रे. त्या पत्र्यावर गाडी ट्रकसारखी दिसेल." चाकं बसली त्या सकाळी मी ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आले, तर ह्यांच्या शेजारी सासूबाई पदर खोचून बसलेल्या! "माहेरी चाललेय वाईला," त्या म्हणाल्या, "तू ये मागून सर्व्हिस मोटारीनं." उडालेल्या धुरळ्यात मी एकटीच हसत उभी राहिले. आता मीही सासू आहे, आणि मुलानं गाडी काढली की पुढची जागा सुनेच्या आधी मीच गाठते.